हौसेला नेम हवाच

रोज एक चित्र म्हणजे दुधाचा रतीब, हे वाक्य जलरंगाच्या रोजच्या आव्हानाचा विषय निघाला की कुणी ना कुणी टाकतंच. टाकणारा बहुधा स्वतः चांगला चित्रकार असतो, त्यामुळे ऐकणारे हौशी लोक ओशाळतात आणि वही मिटतात. अलीकडे एका ज्येष्ठ चित्रकारांनी आम्हां काही हौशी मंडळींना हेच जरा विस्ताराने ऐकवलं. त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, तेव्हा इथेही सरच म्हणते. सरांचं म्हणणं असं की चित्र आतून यावं लागतं, ते घड्याळ लावून येत नाही. रोजच्या सक्तीने हात सराईत होतो आणि नजर मरते. हे महिनाभर रोज चित्र काढायचं खूळ परदेशातून आलेलं आहे. आणि ज्याचं पोट चित्रावर अवलंबून नाही, त्याने आपल्या हौसेला नोकरीची कळा का आणावी? मूड लागला की काढा, वेळ मिळाला की काढा, आनंदाने काढा. वर जाता जाता त्यांनी मला म्हैसूरवरून टोलाही दिला: "जगनमोहन पॅलेसमध्ये हळदणकरांचं चित्र आहे ना? त्याच्यासमोर अर्धा तास उभ्या राहा आणि मग तुमची ती पोस्टकार्डं आठवा."

मी म्हैसूरच्या नजरबादेत राहते. जगनमोहन पॅलेस इथून रिक्षाने फार लांब नाही, आणि त्या चित्रासमोर मी उभी राहिलेली आहे. उत्तर तिथूनच सुरू करते, कारण सरांनी ज्या चित्राचा दाखला दिला ते चित्र त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर मूळचे सावंतवाडीचे, जन्म १८८२चा. जगनमोहन पॅलेसमधल्या जयचामराजेंद्र कलादालनातलं त्यांचं 'ग्लो ऑफ होप' पाहायला लोक रांग लावतात, आणि त्यातले कितीतरी जण ते रविवर्म्याचं समजून परत जातात. जांभळट साडीतली एक बाई, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा. समोर उभी होती ती चित्रकाराची मुलगी गीता, पुढे कोल्हापूरच्या गीता उपळेकर. वयाची शंभरी ओलांडून २०१८ साली त्या गेल्या. वडिलांसाठी तासन्‌तास तसंच उभं राहावं लागलं होतं, असं त्या सांगत. या चित्रातला चेहरा सगळे पाहतात. मी पाहत बसते ती बोटं. ज्योतीवर धरलेल्या हाताच्या बोटांमधून उजेड आरपार आलाय आणि बोटांच्या कडा निखाऱ्यासारख्या लाल झाल्यात. तैलरंगात हा लाल शेवटी वरून लावता येतो. हे चित्र मात्र जलरंगातलं, आणि जलरंगात उजेड म्हणजे खालचा पांढरा कागद, तो आधीच राखून ठेवावा लागतो. त्यावर पातळ पिवळा, तो पुरता वाळल्यावर पातळ लाल, आणि हाताची सावली भरताना कुंचला त्या कडेपाशी थांबायलाच हवा. एकदा घसरला तर पुसणं नाही. खरवडून काढलेला कागद खरवडल्यासारखाच दिसतो.

आता सरांनी सांगावं, असा हात मूडमधून येतो का? हळदणकरांनी १९०८ साली मुंबईत चित्रकलेचे वर्ग सुरू केले. शिकवणाऱ्या माणसाला सकाळ झाली की विद्यार्थ्यासमोर रेघ ओढून दाखवावी लागते, मन असो वा नसो. दहा वर्षांनी, १९१८मध्ये, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली तिच्या संस्थापकांतही ते होते. म्हणजे सभा, प्रदर्शनं, तारखा, व्यक्तिचित्रांच्या मागण्या. म्हैसूरच्या भिंतीवर एक चित्र लागलेलं दिसतं. त्याच्या मागे जे हजारो वॉश टाकून झाले होते, ते आपल्याला कुणी दाखवत नाही. सर प्रेक्षकाला निकाल दाखवून नेमाविरुद्ध युक्तिवाद करतात. ही हातचलाखी आहे, आणि ती त्यांच्या लक्षात आलेली नसावी असं मी धरून चालते.

रोज चित्र काढून मी हळदणकर होणार नाही, हे सांगायला सर कशाला हवेत? तसा दावा कुणी शहाण्या माणसाने केलेला नाही. मुद्दा वेगळा आहे. मूड नावाची चैन परवडते ती व्यावसायिकाला, कारण त्याचा मूड गेला तरी काम दारात येऊन उभं राहतं. दीनानाथ दलालांनी मुखपृष्ठं केली, कथाचित्रं केली, १९४५पासून स्वतःचा 'दीपावली' अंक काढला. दिवाळी काही चित्रकाराचं मन लागेपर्यंत पुढे ढकलली जात नाही. सरांच्या स्वतःच्या आयुष्यातही प्रदर्शनाची तारीख होती, गिऱ्हाईक होतं, दालनाचं भाडं होतं. त्यांच्या चित्राची कुणीतरी वाट पाहत असे. माझ्या चित्राची या पृथ्वीतलावर कुणीही वाट पाहत नाही. ते आज झालं नाही तर कुणाचं अडत नाही, उद्या झालं नाही तरी नाही, आणि असं करता करता ट्यूबमधला रंग दगड होतो. हौशी माणसाचं खरं दुखणं हे आहे. सर ज्याला सक्ती म्हणतात ते त्या दुखण्यावरचं औषध आहे: कुणी मागत नसताना मागणी उभी करायची.

परदेशी खुळाबद्दल. मान्य, रोज एक लहान चित्र काढून ते लोकांपुढे मांडायची आजची पद्धत रुळली ती २००४च्या अखेरीस व्हर्जिनियातल्या ड्युएन काइझर या चित्रकाराने पोस्टकार्डाएवढी तैलचित्रं रोज करायला घेतली तेव्हापासून. जुलै हा जागतिक जलरंग महिना म्हणून पाळायची टूम चार्ली ओशील्ड्‌स या अमेरिकन चित्रकाराने २०१६मध्ये काढली. त्यांचा जुलै म्हणजे ऊन, बागा, हिरवळीवर बसून चित्रं. आमचा जुलै म्हणजे म्हैसूरची ती संपता न संपणारी झिमझिम, ज्यात साधा आकाशाचा वॉश वाळायला अर्धा तास घेतो. पण गंमत अशी की आपल्याकडे नेम धरायचे तेही याच सुमाराला. आषाढी एकादशी आली की चातुर्मास लागला, आणि चातुर्मास लागला की घरातल्या बायका काहीतरी धरायच्या. कुणी रोज इतक्या वाती वळायची, कुणी पोथीचा एक अध्याय, कुणी दारात रोज नवी रांगोळी. चार महिने, म्हणजे परदेशी आव्हानाच्या चौपट. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः कुंचला धरणारे, रामायणावर चित्रमालिका करणारे गृहस्थ. रोजच्या सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन तो नेम गावोगाव आणि परदेशापर्यंत नेणारेही तेच. आजचे नमस्कार आतून आले होते का, असं त्यांना कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

रांगोळीचं मला विशेष सांगायचंय. नजरबादेच्या गल्ल्यांतून सकाळी सहा-साडेसहाला चालत गेलं तर दारोदार सडा टाकून ओल्या जमिनीवर रंगवल्ली काढणं चाललेलं असतं. ठिपके, मग ठिपक्यांना वळसे घालत जाणारी एकच रेघ. काढणारीचं लक्ष निम्मं रस्त्यावर, शेजारणीशी बोलणं चालू, आणि चिमटीतून पडणारी पांढरी धार मात्र एकसारखी. दुपारपर्यंत स्कूटरच्या चाकाने तिचा अर्धा भाग जातो. संध्याकाळी तिचा पत्ता नसतो आणि उद्या पुन्हा. देशातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठं रोजचं चित्रआव्हान हे आहे. ते घेणाऱ्या बायकांना कुणी मानचिन्ह देत नाही, तशी कुणी नजर मेल्याची तक्रारही करत नाही. मग तीच बाई अकरा वाजता कागद आणि रंग घेऊन बसली की लगेच तिला प्रेरणेचे नियम का लागू व्हावेत?

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडं भांडते, कारण सरांच्या हातात निम्मी हत्यारं त्यांनीच दिली आहेत. रोज चित्र काढा, एकवीस दिवसांत सवय लागेल, असं जो तो सांगत सुटतो. हा एकवीसचा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्‌झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून निघाला. आपल्या रुग्णांना नव्या चेहऱ्याची ओळख पटायला किती दिवस लागतात, याचं ते निरीक्षण होतं. चित्रकलेशी त्याचा काय संबंध? दुसरी गोष्ट त्या कुंभारकामाच्या वर्गाची: निम्म्यांना वजनावर गुण, निम्म्यांना एकाच उत्तम मडक्यावर गुण, आणि उत्तम मडकी वजनवाल्यांनी केली. ही 'आर्ट अँड फिअर' या १९९३च्या पुस्तकातली कथा. मूळ प्रसंग छायाचित्रणाच्या वर्गातला होता, असं पुढे लेखकांकडूनच कळलं. तिसरा दहा हजार तासांचा मंत्र. ज्या अँडर्स एरिक्सनच्या संशोधनावर तो उभा केला, त्या एरिक्सननेच नुसत्या तासांची बेरीज कामाची नाही, चुका हेरून त्यांवर केलेला सराव कामाचा, असं वारंवार बजावलं. तेव्हा "तीस दिवसांत जलरंग चित्रकार व्हा" असं जे कुणी सांगत असतील, त्यांना सरांनी खुशाल झोडपावं. मी टाळ्या वाजवीन.

पण सरांचा एक आक्षेप खरा दणकट आहे आणि तो या भंपकपणाबरोबर वाहून जाऊ देणं बरं नाही. ते म्हणाले, रोज चित्र पुरं करायचं म्हटलं की माणूस जे येतं तेच काढतो. केशरी आकाश, तीन माड, एक होडी, खाली होडीचं प्रतिबिंब. वीस मिनिटांत काम फत्ते. किंवा मिलिंद मुळीक यांचं पुस्तक समोर ठेवून पावसातली ओली गल्ली, पुस्तकातल्याच छत्र्यांसकट. हे होतं. सर्रास होतं. अशी महिनाभराची चित्रं ओळीने मांडली तर एकच चित्र तीसदा छापल्यासारखं दिसतं, आणि काढणाऱ्याला मात्र वाटत असतं की आपला हात बसला.

मात्र या रोगाचं कारण 'रोज' हे नाही. कारण 'रोज नवा विषय' हे आहे. आज मांजर, उद्या किटली, परवा समुद्र, अशा तयार याद्या वाटल्या जातात आणि माणूस प्रत्येक विषयाला आपली एकुलती एक युक्ती चिकटवून मोकळा होतो. विषय एकच ठेवा आणि बघा युक्ती किती दिवस पुरते. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. तेच पाणी, तीच झाडी, वेगळा उजेड. आम्हा नजरबादकरांना यासाठी कारंजी तलाव आहे आणि पलीकडे चामुंडीचा डोंगर आहे. मंगळवारी कारंजीचं फाटक बंद असतं, त्या दिवशी गच्चीवरून डोंगराचा तुकडा मिळतो तेवढा घ्यायचा.

आणि इथे जलरंगाची एक गोष्ट येते जी सरांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे, पण वादात त्यांनी ती सोयीने बाजूला ठेवली. पावसाळ्यात चामुंडीचा माथा ढगात असतो. डोंगर खाली ठळक, वर जाता जाता विरलेला. कागदावर हे आणायचं तर आधी आकाश ओलं टाकायचं, सेरुलियन आणि त्यात जरासा लाइट रेड. मग थांबायचं. कागद तिरका धरून बघत राहायचं. आधी त्यावर पाण्याची चकाकी असते. मग ती कडेकडून सरकत जाते आणि कागद मंद, साटीनसारखा दिसतो. त्या मंद दिसण्याच्या काळात अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा डोंगर ठेवला तर माथा आपोआप ढगात विरतो. दोन मिनिटं आधी ठेवला तर डोंगर आकाशात चढतो. दोन मिनिटं उशिरा ठेवला तर कात्रीने कापून डकवल्यासारखी कड येते. घाबरून वरून पाण्याचा थेंब दिला की कॉलिफ्लॉवर उमललाच. मार्चमध्ये ही मंद वेळ क्षणभर असते, जुलैत चांगली लांबते, आणि कागद सुती आहे की लाकडाच्या लगद्याचा यावर ती पुन्हा बदलते.

हे ज्ञान वहीत उतरवून ठेवता येत नाही. ते मनगटात असतं आणि नाशवंत असतं. काल डोंगर चढला असेल तर आज हात जरा थांबतो. पण तीन आठवड्यांनी, मूड लागल्यावर, त्याच डोंगरासमोर बसलं तर हवा बदललेली असते, हात सगळं विसरलेला असतो आणि पहिला धडा पुन्हा पहिल्यापासून. महिन्यातून एकदा काढणारा हौशी माणूस वर्षाकाठी बाराच चित्रं काढतो आणि बाराही वेळा नवशिका असतो. सर सलग काम करतात, म्हणून त्यांना मूडची वाट पाहूनही चालतं. तैलरंगवाला उद्या येऊन कालचं दुरुस्त करील. जलरंगवाल्याला कालच्या चित्राचं काहीच करता येत नाही, त्याच्या हातात फक्त आजचा कागद असतो. ज्या माध्यमात चित्र एका बैठकीतच तरतं किंवा बुडतं, त्या माध्यमाला रोजची बैठक मानवत नाही असं म्हणणं मला तरी कळत नाही.

कागद वाया जातो, हीसुद्धा कुरकुर झाली. पूर्ण इंपीरियल ताव बावीस बाय तीस इंचाचा. त्याचे साडेपाच बाय साडेसातचे सोळा तुकडे पडतात, कातरण शून्य. दोन तावांत महिना निघतो आणि मागची बाजू उरतेच. यापेक्षा जास्त कागद लग्नपत्रिकांच्या पाकिटांत जातो.

चव्हाट्यावर मांडण्याबद्दल मात्र सरांशी माझं बरंच जुळतं. रियाज बंद दाराआड करायचा असतो, हे ते म्हणाले ते बरोबर. रोजचं चित्र हजार अनोळखी लोकांना दाखवून अंगठे मोजत बसलं की दोन आठवड्यांत माणूस अंगठे मिळवणारीच चित्रं काढायला लागतो. केशरी आकाशं येतात ती तिथूनच. पण म्हणून कुणालाच दाखवू नये असं नाही. आम्ही चार-पाच जणी एकमेकींना दाखवतो. त्यातली एक सांगलीची आहे, तिची जीभ सरांपेक्षा तिखट आहे, आणि "हे काल काढलंस तेच आहे" एवढंच ती लिहून पाठवते. तेवढ्याने काम होतं.

राहिला खाड्याचा प्रश्न. एक दिवस चुकला की सगळं मुसळ केरात, असं आव्हान घेणारेही मानतात आणि हसणारेही मानतात. त्यामुळे बाराव्या-तेराव्या दिवशी पाहुणे येतात, चित्र राहतं, आणि महिना तिथेच संपतो. आमची नजरबाद हीच मुळी एका अर्धवट राहिलेल्या बेताची खूण आहे. टिपूने जुन्या म्हैसूरचा किल्ला पाडून त्याचे दगड इथे आणले, नवा किल्ला बांधायला घेतला, आणि १७९९मध्ये टिपू पडल्यावर तेच दगड म्हैसूरला परत गेले. तेव्हा सुरू केलेलं सोडून देण्याची चेष्टा मी इथल्या रस्त्यांवरून चालत करू शकत नाही. पण एक दिवस चुकणं आणि सोडून देणं यात फरक आहे, आणि तो ओन कावारा या जपानी चित्रकाराइतका स्वच्छ कुणी दाखवलेला नाही.

कावाराने न्यूयॉर्कमध्ये ४ जानेवारी १९६६ रोजी एक मालिका सुरू केली. एकरंगी पृष्ठभागावर पांढऱ्या अक्षरांत त्या दिवसाची तारीख, बाकी काही नाही. नियम एकच: ज्या दिवसाची तारीख त्याच दिवशी चित्र पुरं झालं पाहिजे, मध्यरात्र उलटली तर नष्ट. रोजच्या चित्राचा याहून कडक व्रतस्थ शोधून सापडणार नाही. जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षं तो हे करत राहिला आणि शेवटी चित्रं भरली तीन हजारांच्या घरात. हिशेब करा. सरासरी सहा दिवसांतून एक. म्हणजे बहुतेक दिवस कावाराने चित्र काढलेलंच नाही. काही दिवशी मात्र दोन-दोन काढली. त्याचा नेम हुकलेल्या दिवसांची मोजदाद ठेवायचा नव्हता. बसलो तर आजचं आज संपवीन, एवढाच होता. आणि ज्यांना कलावंताची साक्ष पुरत नाही त्यांच्यासाठी: लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ माणसांच्या सवयी तपासल्या. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. सरासरी ६६. आणि मधला एखादा दिवस हुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आपल्या आज्यांना हे अभ्यासाशिवाय ठाऊक होतं. अडचणीमुळे नेम मोडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाती वळायच्या, हिशेब पुरा, देव रागावत नाही.

आता सरांचा शेवटचा प्रश्न, हौसेला नोकरीची कळा का आणावी. हा प्रश्न त्यांनी अतिशय प्रेमाने विचारला, आणि त्यातच सगळी गोम आहे.

आपल्या घरांत हौस म्हणजे सगळं आवरल्यावर उरलेल्या वेळात करायची गोष्ट. आणि आवरत कधीच नाही. बाई रंगांची पेटी उघडून बसली की पंधरा मिनिटांच्या आत कुठल्यातरी खोलीतून आवाज येतो, "बसलीच आहेस तर जरा कोथिंबीर निवडतेस का?" त्या 'बसलीच आहेस' मध्ये दुष्टावा नसतो. समोरच्याला खरोखरच दिसत असतं की ही रिकामी बसली आहे. निवृत्त पुरुषांचीही फार वेगळी गत नाही. त्यांचा रंगकाम करण्याचा वेळ हा बँकेत जाण्यासाठी आणि गॅस सिलिंडरच्या माणसाची वाट पाहण्यासाठी आपोआप उपलब्ध समजला जातो. पण त्याच घरात सासूबाई पोथी घेऊन बसल्या तर? दाराशी आलेला माणूस थांबतो. फोन आला तर "पोथीला बसल्यात, अर्ध्या तासाने करा" असं कुणीही सांगतं, अगदी ज्याचा देवावर विश्वास नाही असा नातूसुद्धा. जप, सोमवारचा उपास, संध्याकाळचा नमस्कार, यांना आपल्या घरांत वाट सोडायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. हौसेला तशी वाट कुणी सोडत नाही. नेमाला सोडतात.

माझ्या सासूबाईंना चित्रातलं फारसं कळत नाही. डोंगर ओळखू आला की चांगलं, नाही आला की "आज काय ढग काढलेस?" पण मी महिनाभर रोज एक चित्र धरलंय असं एकदा सांगितल्यावर त्यांनी त्याला चातुर्मासाच्या नेमात जमा करून टाकलं. मग एके दिवशी शेजारीण साखरेला आली तेव्हा मला आतून ऐकू आलं, "तिचं अजून चित्र व्हायचंय, मी देते." वर्षानुवर्षं मूड लागल्यावर काढत होते तेव्हा हे वाक्य या घरात कुणाच्या तोंडून निघालेलं नव्हतं. नोकरीची कळा म्हणतात ती हीच असेल तर सरांनी ती खुशाल म्हणावी. नोकरीवर जाणाऱ्या माणसाला दारात अडवून कुणी कोथिंबीर निवडायला लावत नाही.

सर हे समजू शकत नाहीत याचं मला नवल वाटत नाही. त्यांना कधी वेळ मागावा लागला नसणार. स्टुडिओचं दार लावून घेतलं की घर समजून घेत असे, चहा दाराबाहेर ठेवला जात असे, आणि तो ठेवणाऱ्या माणसाला कधी कुंचला धरावासा वाटत होता की नाही हा प्रश्न निघत नसे. हे त्यांच्या एकट्याबद्दल नाही. मूड, तंद्री, आतून येणं, ही सगळी बोली अशा बंद दारामागे घडली आहे. ती खोटी नाही, फक्त ज्यांच्याकडे दार आहे त्यांच्या कामाची आहे. ज्यांच्याकडे डायनिंग टेबलाचा कोपरा आहे, तोही पोळ्या लाटून झाल्यावर पुसून घेतलेला, त्यांना ती ऐकवणं म्हणजे त्यांच्या हातातली रोजची अर्ध्या तासाची सबब काढून घेणं. ती एकदा गेली की परत मिळवायला वर्षं लागतात. मी अशा बायका पाहिल्या आहेत ज्यांनी कुणातरी जाणत्या माणसाचं 'आनंदाने काढा, सक्ती नको' हे ऐकून रोजचं काढणं थांबवलं. आनंदाने काढायचं त्यांच्या मनात अजून आहे.

पुढच्या खेपेला सर हौशी लोकांपुढे बोलायला उभे राहतील तेव्हा रतीबवाला विनोद करण्याआधी त्यांनी समोर बसलेल्या बायकांना एवढंच विचारावं: तुम्हांला चित्राचा मूड शेवटचा कधी लागला होता, आणि तेव्हा गॅसवर काय होतं?